दुसरा अर्थ

लव्हाळ्याचा फाटा मागे पडला आणि छायाने शेषरावांना गाडी थांबवायला सांगितली. बोलेरो कडेला लागते न लागते तोच तिने दार उघडलं, खाली उतरली आणि हरभरा सोंगून नेलेल्या एका वावराच्या धुऱ्यावर जाऊन उभी राहिली, रस्त्याकडे पाठ करून.

शेषराव पाण्याची बाटली घेऊन तिच्या मागोमाग गेले.

“मळमळून राह्यलं का वं?”

“नाही दादा. ऊन लागलं जरा.”

त्या दिवसांत ऊन अजून तापत नव्हतं. शेषरावांनी बाटली पुढे केली. तिने दोन घोट पाणी प्यायलं, ओंजळीत थोडं घेऊन डोळ्यांना लावलं.

“सुनेचं नाव काय म्हणालास?”

“करिष्मा. खामगावची आहे. अन् पोरगा गणेश. आता सांगितलं ना तुले, त्याच्या हातून पोरीचा हात मोडला अन् तिथल्या सरकारनं पोरगीच काढून घेतली. बाजारात भेटले का उत्तमराव एकच म्हणतात, बहीण आली का एकडाव घेऊन या. आपण काही करून देतो असं म्हटलं नाही त्यायले. दोन गोष्टी समजावून सांग. बुढ्याबुढीच्या जिवाले बरं वाटन.”

छायाने मान हलवली.

“तू वळखते का त्यायले?”

“तो देश केवढा आहे, दादा.”

हे उत्तर तिने पूर्वीही एकदा दिलं होतं. अकरा वर्षांपूर्वी तिच्या खात्यातल्या वरिष्ठ बाईंनी ह्याच नवराबायकोबद्दल विचारलं होतं, ओळखीचे आहेत का तुझ्या? आणि ती म्हणाली होती, भारत केवढा आहे. तेव्हा ते खरं होतं.

गाडी पुन्हा सुरू झाली. शेषराव कांद्याच्या भावाबद्दल बोलू लागले. छाया खिडकीबाहेर बघत राहिली.

ती अमडापूरची. वडील हिंमतराव पडघान शेती करायचे, पण मुलीने वकील व्हायचं हे त्यांच्या मनाने फार आधीपासून घेतलं होतं. अकोल्याला कायद्याचं शिक्षण झालं, चिखलीच्या कोर्टात वामनराव वकिलांच्या हाताखाली दोन वर्षं गेली. मग लग्न झालं. नवरा इंद्रभान संगणकातला. त्याच्या मागे ती मोठमोठ्या सरोवरांच्या काठी वसलेल्या एका राज्यात जाऊन पोचली, जिथे अर्धं वर्ष बर्फाखालची जमीन दिसत नाही. इथल्या सनदेला तिथे कोणी विचारत नव्हतं. तिने पुन्हा कायद्याला प्रवेश घेतला, ग्रंथालयात पुस्तकं लावायचं काम केलं, वकिलीच्या परीक्षेत दोनदा नापास झाली. पास झाली तोवर इंद्रभान दुसऱ्या गावी आणि दुसऱ्या संसारात गेला होता.

राज्य सरकारच्या बालसंरक्षण खात्याला वकील हवे होते. ते काम फार दिवस कोणी करत नसे. छायाने केलं. एखाद्या घरात मूल सुरक्षित नाही असं खात्याला वाटलं, की ते मूल तिथून काढून घेण्यासाठी न्यायाधीशासमोर सरकारची बाजू मांडायची, हे तिचं काम. तिने अशी लेकरं पाहिली होती, की त्यांच्या अंगावरचे डाग तिला आजही झोपेत दिसत. त्यांना वाचवल्याचं समाधान खोटं नव्हतं. ह्या कामाची तिला कधी लाज वाटली नाही.

पण सुरुवातीच्या दिवसांत एकदा ती एका परदेशी बाईसाठी कोर्टाकडे आणखी दोन महिने मागायला निघाली होती. बाईला भाषा येत नाही, तिला थोडा वेळ द्यावा, एवढंच. तेव्हा एक सहकारी हसत हसत म्हणाला, बाहेरून आलेल्यांसाठी छायाचं काळीज जरा मऊ आहे. सगळे हसले. तीही हसली. त्यानंतर तिने असं हसायची संधी कोणाला दिली नाही. बाहेरून आलेल्यांच्या प्रकरणात ती इतरांपेक्षा कडक झाली. ऑफिसात भावाचा फोन आला तर ती गाडीत जाऊन बसे, काच वर करी आणि मग मराठीत बोले.

अशात ते प्रकरण आलं. सात महिन्यांची मुलगी, दंडाचं हाड पिळवटून मोडलेलं. आईबाप दोघेही सांगत होते की मुलीचा हात पाळण्याच्या गजात अडकला. डॉक्टर म्हणत होते की हाड असं गजात मोडत नाही. खोटं बोलतायत हे उघड होतं, आणि का बोलतायत हे कोणाला माहीत नव्हतं.

सुनावणीच्या दिवशी छाया कोर्टाबाहेरच्या लांब बोळात फाइल वाचत उभी होती. दोन हातांवर बाकावर नवराबायको बसले होते. बायको विशीतली, स्वेटरच्या बाह्या मुठीत धरून बसलेली. अचानक ती नवऱ्याशी बोलू लागली, घाबरलेलं माणूस बोलतं तसं, जरा मोठ्यानेच.

“तुमच्या हातून झालं ना? मंग सांगून टाका. मी होती तिथं. मी पाह्यलं.”

कित्येक वर्षांत छायाने ही बोली कोणाच्या तोंडून समोरासमोर ऐकली नव्हती. तिच्या हातातली फाइल बंद झाली. मान वर करून तिने त्या मुलीकडे पाहिलं, मुलीने तिच्याकडे पाहिलं, आणि कोर्टाच्या शिपायाने नावं पुकारली.

नियम स्पष्ट होता. ऐकलेलं तिने त्याच दुपारी वरिष्ठांना सांगितलं. तिला त्या प्रकरणातून बाजूला काढलं गेलं, दुसरा वकील आला, आणि पुढच्या तारखेला छाया साक्षीदाराच्या खुर्चीत बसली. शपथेवर तिने ते वाक्य इंग्रजीत सांगितलं. तुम्ही हे केलं आहे, ते कबूल करा, मी तिथे होते, मी पाहिलं. गणेशच्या वतीने सरकारनेच नेमून दिलेला एक थकलेला वकील होता. त्याने एकच प्रश्न विचारला, पहिल्या वाक्याचा दुसरा काही अर्थ होऊ शकतो का?

छाया म्हणाली, “नाही.”

बापाला शिक्षा झाली आणि ती भोगून झाल्यावर त्याला देशाबाहेर काढलं. आईने डोळ्यांनी पाहिलं आणि तरी पाळण्याची गोष्ट सांगत राहिली, म्हणून तिच्यावरही मूल सोपवता येणार नाही, असं कोर्टाने ठरवलं. मुलगी एका दुसऱ्या घरात कायमची दत्तक गेली. छायाला पुढच्या वर्षी बढती मिळाली. तिच्या निःपक्षपातीपणाबद्दल त्या कागदात दोन ओळी होत्या.

“आलं बरं गाव,” शेषराव म्हणाले.

उत्तमरावांचं घर साखरखेर्ड्यात बाजाराच्या अलीकडे होतं. सिमेंटचं, पुढे पत्र्याचं छप्पर, अंगणात हरभऱ्याचा ढीग. उत्तमराव धोतर सावरत पुढे आले. तानुबाईंनी पायांवर पाणी दिलं आणि छायाचा हात धरून तिला आत नेलं, जणू ती आजारी आहे. पलंगावर नवी चादर घातली होती. घडीच्या रेघा अजून मोडल्या नव्हत्या.

“सून शाळेत गेली,” तानुबाई म्हणाल्या. “इंग्रजी शाळेत शिकवते. येईनच आता.”

“आणि मुलगा?”

“वाळूजले राह्यते. कंपनीत स्टोअर पाह्यते,” उत्तमराव म्हणाले. “इंजिनिअर मानूस. पन मोठ्या कंपन्या मागचं सारं तपासतात ना मॅडम. तिथल्या कोर्टाचं नाव निघालं का पुढं काही बोलतच नाहीत.”

छायाने पदर उगीच सारखा केला. बऱ्याच वर्षांनी नेसलेली साडी खांद्यावर टिकत नव्हती.

उत्तमरावांनी विचारायचं ते मनात नीट लावून ठेवलं होतं. अपील होते का. इथून दिल्लीत अर्ज केला तर काही होते का. पोरीला निदान फोटोत तरी पाहता येईल का. छाया एकेकाला उत्तर देत गेली. आवाज तिचा कामावरचाच होता, सावकाश आणि समजुतीचा, ज्या आवाजात तिने असंख्य आईबापांना हेच सांगितलं होतं. दत्तक पूर्ण झालं की ते उलटत नाही. नवं घर कुठलं, हे कोणालाच सांगत नाहीत. मुदती केव्हाच संपल्या.

तानुबाई मधेच म्हणाल्या, “तिथं थंडी लय असते म्हनतात.”

“हो.”

“तिचे कान लवकर गार पडत. माह्यासारखे. त्या घरचे घालत असतीन ना तिले काही कानाले?”

“घालत असतील,” छाया म्हणाली. “तिकडे सगळे घालतात.”

तेवढ्यात अंगणात चपला वाजल्या. दारात एक बारीक चणीची बाई आली, खांद्याला पर्स, हातात पेपरांचा गठ्ठा. तिने छायाकडे पाहिलं. मग पेपर टेबलावर ठेवले, पर्स खिळ्याला अडकवली आणि वाकून नमस्कार केला. छायाचा हात आशीर्वादाला उठला आणि अर्ध्यात थांबला.

“चहात साखर चालते का तुमाले?” करिष्माने विचारलं.

“चालते.”

ती आत गेली. ओळखलं नसावं, असं छायाला वाटलं. तेव्हा आपले केस काळे होते, अंगावर कोट होता. आतून भांड्यांचा आवाज येत राहिला. तानुबाई म्हणाल्या, “माही लेकच आहे ते. माहेरचे न्यायले आले होते, गेली नाई.”

चहा आला. सगळ्यांना देऊन झाल्यावर करिष्मा भिंतीला टेकून उभी राहिली. उत्तमराव विचारत होते, म्हणजे कधीच भेट होणार नाही, असंच धरून चालायचं का?

“एक आहे,” छाया म्हणाली. “मुलगी अठरा वर्षांची झाली, की ती स्वतः जुनी फाइल मागू शकते. कोर्ट देतं बहुतेक. त्यात तुमची नावं असतील. तिला वाटलं तर ती शोधत येईल. पण तिला वाटायला हवं. आपल्या हातात काही नाही.”

तानुबाईंनी बोटांवर काही मोजलं आणि हात पदराखाली घेतला. “सहा वरीस. मी असन तवरोक.”

“फाइलीत सगळंच असते का?” करिष्माने विचारलं. एवढ्या वेळात तिने विचारलेला हा एकच प्रश्न. “साक्षीबी?”

“सगळं असतं.”

“बरं,” करिष्मा म्हणाली आणि कप गोळा करू लागली.

शेषरावांना मळ्यातलं नवं ठिबक दाखवायला उत्तमराव घेऊन गेले. तानुबाई ओटीचं सामान काढायला आतल्या खोलीत वळल्या. छायाला हात धुवायचे होते. करिष्मा तिला मागच्या अंगणात नळाजवळ घेऊन आली. तिथे वाळत घातलेले कपडे होते आणि एका कोपऱ्यात मेथीचा वाफा.

नळ सोडून देत करिष्मा म्हणाली, “तुमी गाडीतून उतरल्या तेव्हाच वळखलं मी. शाळेतून येऊन राह्यली होती, कोपऱ्यावर होती. मंग थोडा वेळ तिथंच थांबली.”

छायाने हात पाण्याखाली धरले होते ते तसेच राहिले.

“मला माहीत नव्हतं कोणाकडे येतेय ते. रस्त्यात कळलं.”

“रस्त्यातून परत जाता आलं असतं.”

करिष्माच्या बोलण्यात राग नव्हता. ती नुसती नोंद करावी तसं बोलली होती.

“त्या दिवशी मी जे ऐकलं ते मला सांगावंच लागलं असतं, करिष्मा. मी सरकारची वकील होते. ऐकून न ऐकल्यासारखं करता येत नाही तिथे.”

“तुमी ऐकावं म्हणूनच बोलली मी.”

पाणी वाहत होतं. छायाने मान वर केली.

“गळ्यात पट्टी होती तुमच्या, नावाची. पडघान. खामगावले आमच्या वर्गात दोन पोरी होत्या त्या नावाच्या. आपल्या इकडच्या भायेर मी ते नाव कुठं ऐकलं नाई. आमच्या वकिलानं बजावलं होतं, सरकारच्या मानसाशी एक शब्द बोलायचा नाई. अन् गणेश कोणाचं ऐकत नव्हते. खरं सांगितलं तर व्हिसा जाईन, जेलात टाकतीन, एवढंच डोक्शात. पहिल्या दिवशी भीतीनं पाळण्याचं सांगून बसले अन् मंग तेच धरून बसले. मी रातभर विचार केला. तुमच्याशी बोलता येत नाई, पन तुमच्यासमोर नवऱ्याशी तर बोलता येते. बाई आपल्याकडची आहे, तिले समजन. म्हणून मोठ्यानं बोलली.”

“मी शब्दाला शब्द तेच सांगितलं,” छाया म्हणाली. आवाज तिला स्वतःलाच अनोळखी वाटला.

“हो. मी बसली होती ना तिथं. त्यानंतर आमी खरं सांगितलं, पन आधी पाळण्याचं सांगितलेलं, मंग कोणी मानलं नाई.”

करिष्माने दोरीवरचा एक वाळलेला टॉवेल काढून तिच्याकडे दिला.

“आंघोळ घालून राह्यले होते पोरीले. तेल लावलेलं होतं. निसटली ती, अन् त्यायनं धरली. दंडाले धरली. नसती धरली तर डोकं आपटलं असतं खाली. मी दारात होती, टॉवेल घेऊन. हातून झालं. दुसरं काय म्हनतात त्याले?”

छाया टॉवेलमध्ये हात पुसत राहिली. कोरडे झाले तरी पुसत राहिली. इंग्रजीतली वाक्यं तिच्या मनात एकामागून एक येत होती. अपघात झाला, म्हटलं तर गणेशचा हातच नाहीसा होत होता. त्याने केलं, म्हटलं तर तो हात सोडून दुसरं काही उरत नव्हतं. ह्या दोन्हींच्या मधलं, घरात रोज कोणी ना कोणी म्हणतं ते, तिला इंग्रजीत सापडत नव्हतं. तिची आई अन्नपूर्णाबाई लोणच्याची बरणी फुटली तेव्हा दारात उभी राहून म्हणाली होती, माह्या हातून फुटली, आणि वडील काही न बोलता काचा वेचायला बसले होते.

साक्षीदाराच्या खुर्चीत बसलेली असताना, प्रश्न आणि उत्तर ह्यांच्या मधल्या त्या लहानशा जागेत, नेमकी तीच बरणी तिला दिसली होती. समोर तिचा तो हसणारा सहकारी बसला होता. तिने नाही म्हटलं होतं.

आतून तानुबाईंनी विचारलं, “नारळ कुठं ठेवलं वं तू?”

“देवघरात ठेवलं आहे आई, खालच्या फळीवर,” करिष्माने मोठ्याने सांगितलं. मग आवाज खाली आणून म्हणाली, “त्यायले काही बोलू नका. त्या नेहमी म्हनतात, तिथं आपलं एक मानूस जरी असतं तर असं झालं नसतं. अकरा वर्षांपासून म्हनतात. होतं म्हणून मी कधी सांगितलं नाई.”

छायाने काही म्हणायला तोंड उघडलं.

“माफी नका मागू,” करिष्मा म्हणाली. “ते घेऊन मी काय करू? माहं एक काम आहे.”

“सांग.”

“तुमी आता म्हटलं, ईश्वरी मोठी झाली का ते सगळं वाचन. त्यात बापानं केलं, असंच असन ना?”

“हो.”

“अन् मायनं पाह्यलं.”

“हो.”

“तेवढं बदलून द्या. पोरगी मागून राह्यली नाई मी तुमाले. ते गेलं. ती तिकडं सुखात असन तर असो. पन ती ज्या दिवशी वाचन त्या दिवशी तिले खरं तर दिसू द्या.”

छायाने टॉवेलची घडी घातली. मग पुन्हा मोडली. “इंग्रजीत त्याला शब्द नाही, करिष्मा.”

“नसन तर आपलाच लिहा. अन् त्याच्याखाली त्याचा अर्थ समजावून सांगा. चार ओळी लागो का चाळीस.”

“मी शपथेवर सांगितलं होतं की दुसरा अर्थ नाही. आता आहे असं लिहून दिलं, तर माझी इतकी वर्षांची सगळी प्रकरणं उकरली जातील. माझी सनद जाऊ शकते.”

“हो का?” करिष्मा म्हणाली.

तिने नळ बंद केला. मेथीच्या वाफ्याकडे पाहत ती म्हणाली, “दिराले पोरगं झालं मागच्या साली. गणेश बारशाले आले होते. सगळ्यायनं घेतलं लेकरू मांडीवर. हे हात मांगं बांधून भिंतीपाशी उभे होते. दीर लेकरू घेऊन जवळ गेला, तर भायेर निघून गेले.”

दारात तानुबाई ताट घेऊन आल्या. त्यांनी छायाला पाटावर बसवलं, कुंकू लावलं, खण-नारळ आणि तांदूळ ओटीत घातले. थोडे तांदूळ जमिनीवर सांडले. छाया पाया पडायला वाकली ती पटकन उठलीच नाही. तानुबाईंना वाटलं, गुडघे दुखत असतील. त्यांनी तिला दंडाला धरून उठवलं.

“तुमी आल्या, चांगलं झालं,” त्या म्हणाल्या. “काही होत नाई हे तरी कोनी नीट सांगितलं. पुढच्या वक्ती जेवाले येजा.”

शेषराव परतले तेव्हा उन्हं उतरायला लागली होती. करिष्मा अंगणापर्यंत आली. तिने गाडीचं दार लावून दिलं आणि उत्तर मागणाऱ्या माणसासारखं एकदाही छायाकडे पाहिलं नाही. पेपर तपासायचे होते, ती आत गेली.

रस्त्यात शेषरावांनी दोनतीनदा बहिणीकडे पाहिलं. ओटीचा नारळ मांडीवर घेऊन ती सरळ समोर बघत होती. ओठ मधूनच हलत होते.

“काय सांगितलं मंग त्यायले?”

“होण्यासारखं काही नाही म्हणून.”

“तेच सांगावं लागते,” शेषराव म्हणाले. “खोटी आस देण्यापेक्षा बरं. उत्तमराव मले म्हणे, बाई लय मायाळू आहे तुमची.”

छायाने डोळे मिटले. निवृत्तीआधी नोकरी गेली तर काय हाताशी राहील, तिकडच्या त्या दोन खोल्यांच्या घरात एकटीने बसून दिवसभर काय करायचं, हे प्रश्न तिच्यासमोर आले आणि तिथेच थांबले. खात्यातल्या लोकांचे चेहरे आले. एवढं करूनही मुलगी ते वाचेल की नाही, कोणास ठाऊक. वाचून इकडे वळेलच असंही नाही. कदाचित कागद बंद करून ठेवेल आणि आपल्या त्या दुसऱ्या आईबापांबरोबर जेवायला बसेल.

लव्हाळ्याच्या फाट्यावर शेषरावांनी अमडापूरच्या रस्त्याला लागण्यासाठी गाडी हळू केली.

“दादा, चिखलीवरून घे.”

“काऊन? तिकडून फेरा पडते.”

“कोर्टासमोर नोटरी बसत असतील ना अजून?”

शेषरावांनी गाडी मधोमध उभीच केली. मागून एका ट्रॅक्टरने हॉर्न दिला. त्यांनी बहिणीच्या तोंडाकडे पाहिलं, आणि लहानपणी ती शाळेतून मार खाऊन आली की जसे काही न विचारता सायकल काढायचे, तसं न विचारता स्टिअरिंग फिरवलं. बरंच अंतर गेल्यावर म्हणाले, “बसतात. पाच वाजेपर्यंत बसतात. काय करायचं आहे, सांगशीन मले?”

“सांगते,” छाया म्हणाली.

चिखलीतली पहिली घरं दिसू लागली तेव्हा तिने पर्समधून कागद काढला आणि त्यावर मराठीत दोन शब्द लिहिले, हातून झालं.